नापास पोराचं टाइम मशीन

आधीच सांगून टाकतो, मी काही साहित्यिक वगैरे नाही. थर्ड इयर मेकॅनिकल, गाव आसेगाव, जिल्हा वाशीम. मॅगझिनसाठी काहीतरी लिहून दे म्हणून मराठी विभागवाले पोट्टे मागे लागले तेव्हा डोक्यात एकच विषय होता. एच. जी. वेल्स नावाचा माणूस आणि त्याची 'टाइम मशीन' ही कादंबरी. होस्टेलवर ज्यांना मी हे पुस्तक वाच, वाच म्हणून छळलंय त्यांनी हे पान उलटून पुढे गेलं तरी राग नाही.

सेकंड इयरचा रिझल्ट लागला त्या पावसाळ्यातली गोष्ट. एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला. घरी सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. दोन दिवसांनी मोठे काका आले अन् कारंज्याच्या एका कापड दुकानात हुशार पोरगा पाहिजे आहे, असं सहज बोलून गेले. किती सहज ते मला कळलं.

त्या रात्री आसेगावात पाऊस धो धो, लाईन गेलेली. मामाकडून आलेल्या रद्दीत एक पातळसं अनुवादित पुस्तक सापडलं, मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नाव गायब. आधी मोबाईलच्या टॉर्चवर वाचलं, मग बॅटरी गेली तर मेणबत्तीवर. गोष्टीतला काळप्रवासी अंधाऱ्या भुयारात एकेक काडी पेटवतो, काड्या संपत येतात, आणि ते पांढुरके मॉरलॉक त्याच्या अंगाला हात लावायला लागतात. नेमकी तेव्हाच माझी मेणबत्ती विझली. कुणाला खोटं वाटेल, पण मी आईला हाक मारली होती.

लेखकाचं नाव नंतर कॉलेजच्या लायब्ररीत कळलं. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, अन् तेव्हा कळलं की बाप्पा, या माणसालाही कापडाच्या दुकानात बसवलं होतं!

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६चा, इंग्लंडमधल्या ब्रॉम्ली गावातला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचं दुकान होतं. दुकान चालत नव्हतं, पण गृहस्थ बॉलर मोठे होते. १८६२मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या चार जणांना लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केलं होतं. घर क्रिकेटवरच अर्धंमुर्धं चालायचं. १८७४मध्ये छोट्या बर्टीचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याला पुस्तकांचं वेड लागलं. तीन वर्षांनी वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं. क्रिकेट संपलं आणि घराचं गणितही. १८८०मध्ये आई सारा अपपार्क नावाच्या एका श्रीमंत वाड्यावर घरव्यवस्था बघायला नोकरीला गेली आणि पोराला कापड दुकानात उमेदवारीला लावलं.

पहिलं दुकान जमलं नाही. मग काही दिवस औषधाचं दुकान. मग साउथसीला पुन्हा कापड. रोज तेरा तास काम. ठाण उलगडा, दाखवा, पुन्हा घडी घाला. दोन वर्षं त्याने काढली. एका दिवशी मात्र उठला आणि सतरा मैल पायी चालत आईकडे गेला. मला परत पाठवलंस तर जीव देईन, असं त्याने आईला सांगितलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

शेवटी आई मानली. १८८३मध्ये मिडहर्स्टच्या शाळेत तो शिकवता शिकवता शिकायला लागला, आणि पुढच्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. तीच संस्था पुढे इम्पीरियल कॉलेजमध्ये सामील झाली, म्हणजे एका अर्थी तो आपल्याच जातकुळीतला. आठवड्याला एक गिनी मिळायची. त्यात खोलीभाडं भागवून पोटाला उरायचं ते बेताचंच. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला साक्षात टी. एच. हक्सले, डार्विनची बाजू जाहीर सभांत लढवणारे. त्या वर्षी वेल्स पहिल्या वर्गात. नंतर फिजिक्स आणि भूशास्त्र आलं आणि गडी घसरला. अभ्यास सोडून डिबेटिंग सोसायटी, राजकारणाच्या सभा, लेखन. १८८७मध्ये भूशास्त्रात नापास, आणि डिग्री न घेताच कॉलेज सुटलं.

आता या लेखाचं खरं कारण सांगतो. कॉलेजात असताना त्याने मित्रांबरोबर विद्यार्थ्यांचं एक मासिक काढलं होतं, सायन्स स्कूल्स जर्नल, आणि पहिला संपादक तोच होता. १८८७मध्ये डिबेटिंग सोसायटीत एका विद्यार्थ्याने चौथ्या मितीवर निबंध वाचला, तो या मासिकात छापूनही आला. ती कल्पना वेल्सच्या डोक्यात बसली. १८८८च्या एप्रिल ते जूनच्या अंकांत त्याने तीन हप्त्यांत एक गोष्ट लिहिली, द क्रॉनिक अर्गोनॉट्स. वेल्सच्या मनातलं काळाचं यंत्र पहिल्यांदा छापलं गेलं ते असं, कॉलेज मॅगझिनमध्ये! गोष्ट अर्धवटच राहिली, आणि पुढे त्याला तिची लाज वाटायची. पण आपल्या मॅगझिनचे अंक रूमवर चिवड्याखाली पसरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मधली वर्षं वाईट गेली. वेल्समधल्या (हा प्रांत, माणूस नव्हे) एका शाळेत शिकवताना फुटबॉलच्या मैदानात किडनीला जबर मार बसला, रक्त पडायला लागलं, क्षयाची शंका आली. तशा तब्येतीत त्याने बाहेरून परीक्षा दिली आणि १८९०मध्ये लंडन विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली बी.एस्सी. मिळवली. नापास झाल्यानंतर तीन वर्षांनी. १८९३मध्ये पुन्हा रक्तस्राव झाला आणि शिकवणं कायमचं बंद झालं. मग लिहिण्याशिवाय हातात काही राहिलंच नाही.

१८९४च्या उन्हाळ्यात सेवनओक्सच्या भाड्याच्या खोलीत त्याने ती जुनी गोष्ट नव्याने लिहायला घेतली. १८९५च्या जानेवारी ते मे न्यू रिव्ह्यू मासिकात ती क्रमशः आली, त्याचे शंभर पौंड मिळाले, आणि मे महिन्यात पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या आवृत्तीवर त्याचं नाव चुकून एच. एस. वेल्स छापलं होतं. माझ्या प्रतीवर तर नावच नव्हतं, त्यामुळे मला हे वाचून उगाच बरं वाटलं.

मेकॅनिकलवाला म्हणून एक तक्रार करतो. यंत्राचं वर्णन म्हणजे निकेल, हस्तिदंत, स्फटिक, एक खोगीर अन् दोन लिव्हर. एक पुढे जायला, एक मागे. ना गिअरबॉक्स, ना इंधन. ड्रॉइंग शीटवर असलं काही नेलं तर सर शीट परत फेकतील. आणि प्रवासी तरी कसा, इसवी सन ८०२७०१मध्ये पोचतो आणि सोबत धड काडेपेटीसुद्धा पुरेशी नाही! पण काळ ही चौथी मिती आहे ही चर्चा पहिल्याच प्रकरणात आहे. आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा निबंध १९०५चा, मिन्कोव्हस्कीचं चार मितींचं गणित १९०८चं. त्याआधी हा पोरगा जेवणानंतरच्या गप्पांत ते मांडतो.

मला मात्र गणितापेक्षा ती भुयारंच जास्त धरतात. वर उन्हात खेळणारे नाजूक, आळशी इलॉय, खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. श्रीमंत आणि मजूर लाखो वर्षं वेगळे राहिले तर काय होईल, याचं हे उत्तर. अपपार्कच्या वाड्यात नोकरांनी मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून खरोखर जमिनीखालून बोगदे होते, आणि वेल्सची आई तिथेच राबत होती. ब्रॉम्लीच्या घराचं स्वयंपाकघरही तळघरातच. त्याला कल्पना लढवायला फार लांब जावं लागलं नसणार. वीनाचं प्रकरण मला जरा गोडगोड वाटतं. पण त्यानंतर खूप खूप पुढच्या काळातला तो किनारा, मोठा लाल सूर्य, प्रचंड खेकडे आणि ती शांतता! इंग्रजी मराठी धरून ही पानं मी सात वेळा वाचलीत.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. अदृश्य माणूस १८९७, मंगळवाल्यांची स्वारी १८९८. १९१४च्या एका कादंबरीत त्याने अणुबॉम्ब हा शब्दच वापरला. लेनिनला भेटला, स्टालिनला भेटला. हक्सलेंचा नातू ज्युलियन आणि स्वतःचा मुलगा यांच्यासोबत जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ केला. सगळंच गोड नव्हतं. पहिल्या बायकोला सोडून तो आपल्या विद्यार्थिनीबरोबर गेला, आणि १९०१च्या एका पुस्तकात दुबळ्या माणसांबद्दल आणि गोऱ्या नसलेल्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला त्याचा रागच आला. आपण त्याच लोकांतले. तरी ज्याने मॉरलॉक लिहिले त्यानेच हे लिहिलं, याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

पंचाहत्तरी उलटल्यावर त्याने प्रबंध लिहून लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. नापासाचा शिक्का त्याला शेवटपर्यंत टोचत असावा, असा आपला माझा अंदाज. १३ ऑगस्ट १९४६ला तो लंडनमध्ये गेला, हिरोशिमानंतर वर्षभराने.

काकांच्या शब्दाखातर मी दिवाळीत त्या दुकानात आठ दिवस बसलो. साडीची घडी मला आता झकास येते. एम-थ्रीचा पेपर तिसऱ्यांदा दिलाय, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा रिझल्ट लागलेला असेल. आणि हो, ते बिनमुखपृष्ठाचं पुस्तक सध्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर फिरतंय. ज्याच्याकडे असेल त्याने वाचून झाल्यावर आणून द्यावं. भुयाराच्या पानावर मेणाचा डाग आहे, त्यावरून ओळखू येईल.