नळदुर्गचे टेलर साहेब आणि ठगांचा माग

नळदुर्गचा किल्ला बघायला गेलेले आपले लोक पाणी महाल बघतात, पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघतात, इब्राहिम आदिलशहाचं नाव घेतात आणि परत फिरतात. याच किल्ल्यातून १८५३ पासून चार वर्षं जिल्ह्याचा कारभार बघणारे फिलिप मेडोज टेलर मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या रस्त्या-तळ्यांच्या कामांवर पुन्हा कधीतरी लिहू. आज आम्ही सांगतोय ते त्यांच्या आयुष्यातलं दुसरं काम: विखुरलेली माहिती जुळवून गुन्हेगारांचा माग काढणं. आज याला गुप्तवार्ता विश्लेषण म्हणतात, आणि आपली कितीतरी मुलं त्यासाठी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात.

टेलर यांचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आले, तिथं जमलं नाही, म्हणून १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत शिरले. हिंदुस्थानी शिकले, मराठी शिकले. पुढे लग्नही हैदराबादच्या पामर घराण्यात झालं. सासरे विल्यम पामर यांची आई मुसलमान होती, ही गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. विशीच्या आतच त्यांना निजामाच्या राज्याच्या नैऋत्य भागात पोलीस अधिकाऱ्याचं काम मिळालं. तुळजापूरकडचा मुलूख त्यात होता. प्रवासाला निघालेली माणसं परत येत नाहीत, हा संशय त्यांना इथंच आला आणि त्यांनी चौकशी सुरू केली.

पण १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आले. मुलकी कारभारातून इंग्रज अधिकारी काढा, असं त्यांनी सांगितलं. नव्या निजामाच्या दृष्टीनं मागणी रास्तच होती. पण टेलर पलटणीत परत गेले आणि तपास अर्धवट राहिला. ठग शोधून काढल्याचं श्रेय पुढे जबलपूरकडच्या स्लीमन यांना गेलं. ही चुटपूट टेलरना आयुष्यभर लागून राहिली.

हिंगोलीच्या छावणीतला एक किस्सा त्यांनीच लिहून ठेवलाय. हरीसिंग नावाचा कापडाचा व्यापारी, गावात इज्जतदार. टेलर स्वतः त्याच्याशी व्यवहार करायचे. या हरीसिंगनं साहेबाकडून मुंबईहून कापड आणायचा परवाना घेतला. कापड होतं दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. वाटेत त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. पकडला गेल्यावर त्यानंच कबूल केलं म्हणून कळलं. परवाना सरकारी कचेरीत होता, माल बाजारात होता, बेपत्ता माणसाचं घर दुसऱ्या गावात होतं. तिन्ही गोष्टी एकत्र बघणारा कुणी नव्हता. गुप्तवार्तेच्या कामाची अडचण आम्हाला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

स्लीमन यांनी हेच जुळवायला घेतलं. पकडलेल्यांना माफीचे साक्षीदार केलं, जबान्या एकमेकींशी ताडून बघितल्या, सांगितलेल्या जागी खोदून प्रेतं काढली, नकाशे आणि वंशावळी केल्या. हैदराबादकडच्या ठगांच्या जबान्या नोंदवायच्या कामात टेलरही पुढे आले.

त्यातूनच १८३९ मध्ये त्यांची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली आणि विलायतेत गाजली. तिचा नायक अमीर अली. टोळ्यांमध्ये हिंदू होते, मुसलमानही होते, पण जगाच्या डोक्यात ठगाचं नाव बसलं ते अमीर अली. आम्हाला हे खटकतं. तरी कादंबरी नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. अमीर अलीचे आईबाप ठगांनीच मारलेले असतात आणि इस्माईल नावाचा ठग त्याला पोर म्हणून वाढवतो. म्हणजे तो जन्मानं ठग नाहीच.

सरकारी कागदांनी मात्र उलटी वाट धरली. १८३६ च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत होता एवढं शाबित झालं तरी जन्मठेप. वंशावळी हाताशी होत्याच. मग १८७१ मध्ये ब्रिटिश मुलखात गुन्हेगार जमातींचा कायदा आला, त्यात अख्ख्या जमातीच नोंदवल्या गेल्या. नळदुर्गपासून जवळच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी यांची पोरं जन्मतःच संशयित ठरली. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी वस्तीकडे बघणारी नजर गेली का, हे धाराशिवच्या कुणालाही विचारा. माहिती माणसाच्या कृत्याची ठेवायची की त्याच्या जातीची, धर्माची? हा प्रश्न आपल्या घरांनाही नवा नाही.

ठगी आणि दरोडे खातं १९०४ पर्यंत चाललं. त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं, आणि आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची मुळं तिथवर जातात.

टेलर १८५७ मध्ये नळदुर्ग सोडून बुलढाण्याकडे गेले. १८६० मध्ये नळदुर्ग निजामाला परत मिळालं, त्याच साली ते नोकरीतून निवृत्त झाले. विलायतेत बसून त्यांनी तुळजापूर-नळदुर्गच्या मुलखावर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, ती १८६३ मध्ये आली. १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मेंतों गावी ते वारले. आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीनं छापून आणलं.