आनंदीचा शेवटचा हिवाळा

डिसेंबर लागला की अंकुशनगरकडे येणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याचा हंगाम आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची धावपळ, दोन्ही एकाच वेळी जोरात. प्रोजेक्ट अर्धवट, जर्नल अपुरं, व्हायवा डोक्यावर आणि घरी ऊसतोड चालू. त्यात ताप-खोकला आला तर एक गोळी घ्यायची आणि बस पकडायची. दवाखाना काय, परीक्षेनंतर बघू.

असाच एक हिवाळा 1885-86 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वीस वर्षांच्या एका मराठी मुलीनं काढला. नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे, डॉ. आनंदीबाई जोशी. पण शाळेतल्या धड्यात तिची पदवी एका ओळीत येऊन जाते. त्या ओळीमागचा हिवाळा राहूनच जातो.

आनंदीचा जन्म 31 मार्च 1865 चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, वयानं तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. तो हट्ट सरळ नव्हता. अभ्यासासाठी त्यांनी तिला मारलंसुद्धा, आणि पुढे तिनं पत्रात त्यांना ते स्पष्ट लिहिलं. त्यांना नुसतं थोर म्हणून मोकळं होता येत नाही, आणि त्यांच्याशिवाय ही गोष्ट घडलीही नसती.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं त्यामागे हे होतं. बाई बाळंतपणात अडली तरी पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही असे ते दिवस, आणि बाई डॉक्टर तर जवळपास नव्हतीच.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि आनंदीला पत्र धाडलं. निव्वळ योगायोग! फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नव्हे, तिनं भर सभेत आपण का जातोय ते सांगितलं. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, हेही. त्याच वर्षी अठराव्या वर्षी ती कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नव्हता.

पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली तिच्यावर माया करणाऱ्या. पण थंडी माया करत नव्हती. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर, नाही पेटवली तर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून ती गुजराती पद्धतीची साडी नेसू लागली. खाणं शाकाहारी, तेही स्वतः रांधायचं. तब्येत पहिल्या वर्षापासूनच कुरकुरत होती.

ऑक्टोबर 1885 चा एक फोटो आजही फिरतो. शेवटचं सत्र नुकतंच लागलेलं. आनंदी, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. चेहऱ्यावरून आजार कळत नाही. पुढचे पाच महिने लेक्चरं, परीक्षा आणि डोक्यावर प्रबंध. क्षयानं शरीर पोखरायला घेतलं होतं.

प्रबंधाला तिला एखादा सोपा विषय घेता आला असता. पुस्तकं समोर होती, उतारे जोडून काम भागलं असतं. (हे आपण सगळेच जाणतो!) तिनं विषय घेतला प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. गरोदर बाईची काळजी, बाळंतपण, नवजात बाळ. एका हाताला आपले आयुर्वेदाचे ग्रंथ, दुसऱ्या हाताला अमेरिकन पाठ्यपुस्तकं. दहा दिवसांचं मूल गमावलेली आई हा प्रबंध लिहीत होती. त्यात स्वतःबद्दल ती काही बोलत नाही, पण विषय निवडला तिथंच सगळं आलं.

11 मार्च 1886 ला तिला एम.डी. मिळाली. एकविसावा वाढदिवस अजून वीस दिवसांवर होता. समारंभाला पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आलं. कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक केली. ज्या गावातून गोपाळरावांचं पत्र गेलं होतं, त्याच गावची नोकरी. म्हणजे डिग्रीही मिळाली, प्लेसमेंटही झालं.

ती 1886 च्या अखेरीस परतली ती आजारीच. कोल्हापूरच्या त्या विभागात तिला एकही पेशंट तपासता आला नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात ती गेली, तेव्हा बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता आणि पदवीला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

एवढ्याशा पदवीचा उपयोग काय झाला, असं विचारणारे तेव्हाही असतील. त्यांच्यासाठी एवढंच सांगता येईल, की काशीबाई कानिटकरांनी दोनच वर्षांत तिचं मराठीत चरित्र लिहिलं आणि ते घराघरांतल्या मुलींनी वाचलं. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत, वर तिच्या नावाचा दगड आहे.