सत्याचा शोधक : चार्लस डार्विन

हे जग कोणी निर्माण केले, हा प्रश्न मनुष्यास फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. घट आहे त्या अर्थी तो घडविणारा कुंभार असला पाहिजे; त्याचप्रमाणे जग आहे त्या अर्थी त्याचाही कोणी कर्ता असला पाहिजे, असे अनुमान आपल्या देशातील नैयायिकांनी मांडले. मीमांसक, जैन व बौद्ध पंडितांनी त्या अनुमानाविरुद्ध शतकानुशतके वाद घातला. युरोपातही हाच प्रश्न चर्चिला जात होता. विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताने इ.स. १८०२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. माळरानावर एखादे घड्याळ पडलेले आढळले, तर त्यातील चक्रांची रचना पाहून ते कोणा कारागिराने केले असले पाहिजे, अशी आपली खात्री होते. मग घड्याळाहून कितीतरी अधिक कौशल्याने घडलेला मनुष्याचा डोळा अथवा पक्ष्याचा पंख पाहून त्यांच्या निर्मात्याविषयी संशय कसा उरेल, असा त्या ग्रंथाचा आशय होता. पुष्कळ विद्वानांना हा पुरावा बिनतोड वाटे.

या पुराव्याची कसोटी ज्याच्या हातून लागली, तो कोणी धर्माचा द्वेष्टा नव्हता. धर्मोपदेशक होण्यासाठी विद्यापीठात गेलेला आणि पेलीचे ग्रंथ आवडीने अभ्यासलेला तो एक तरुण होता. त्याचे नाव चार्लस डार्विन.

डार्विनचा जन्म इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. त्याचे वडील नामांकित वैद्य होते. चार्लस आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. शाळेतील पाठांतरात त्याचे मन रमेना. शिंपले, दगड आणि कीटक गोळा करण्यात मात्र तो तहानभूक विसरे. आपल्याप्रमाणे मुलानेही वैद्य व्हावे, या इच्छेने वडिलांनी त्यास वयाच्या सोळाव्या वर्षी एडिंबरो येथे पाठविले. त्या काळी रोग्यास भूल देण्याचे औषध ठाऊक नव्हते. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून चार्लस तेथून निघून गेला आणि पुन्हा त्या दालनात त्याने कधीही पाऊल टाकले नाही. तेव्हा वडिलांनी दुसरा मार्ग सुचविला. केंब्रिज विद्यापीठाची पदवी घेऊन त्याने एखाद्या खेड्यात धर्मोपदेशक व्हावे, असे ठरले.

केंब्रिजमध्येही त्याचा जुना छंद सुटला नाही. एके दिवशी झाडाची साल सोलताना त्यास दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. दोन्ही हातांत एकेक धरून होतो न होतो, तोच तिसरा दिसला! तो निसटू नये म्हणून डार्विनने हातातील एक भुंगेरा चक्क तोंडात टाकला. त्या किड्याने इतका जहाल रस सोडला की, जीभ भाजून निघाली. तो किडा थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. ज्ञानासाठी असा वेडा होणारा हा विद्यार्थी प्राध्यापक हेन्स्लो यांच्या नजरेत भरला. त्यांच्याच शिफारशीमुळे त्यास 'बीगल' या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस जाण्याची संधी मिळाली. वडिलांनी प्रथम विरोध केला. परंतु मामांनी त्यांचे मन वळविले. २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने इंग्लंडचा किनारा सोडला. ते परत आले २ ऑक्टोबर १८३६ रोजी.

या जवळजवळ पाच वर्षांच्या प्रवासात डार्विनला समुद्र कधी मानवला नाही. जहाज हेलकावे खाऊ लागले की तो आजारी पडे. पण भूमीवर पाय ठेवताच त्याचा उत्साह दुणावे. दक्षिण अमेरिकेत त्याने प्रचंड प्राण्यांचे अवशेष खणून काढले. त्यांपैकी काहींच्या अंगावर कवचाचे तुकडे होते. त्याच प्रदेशात आजही कवचधारी आर्माडिलो हा लहान प्राणी राहतो. नष्ट झालेले प्राणी आणि आजचे प्राणी यांच्यात असे साम्य का असावे, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. इ.स. १८३५ मध्ये चिली देशात झालेला मोठा भूकंपही त्याने पाहिला. त्या भूकंपाने किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेली होती. असे लहान लहान बदल लक्षावधी वर्षे होत राहिले, तर पर्वतही उभे राहू शकतील, हे त्यास पटले.

त्याच वर्षी बीगल गालापागोस बेटांवर पोहोचले. ही बेटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर आहेत. कासव पाहून ते कोणत्या बेटावरील आहे हे ओळखता येते, असे तेथील एका अधिकाऱ्याने त्यास सांगितले. डार्विनने त्या वेळी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही. कोणता लहान पक्षी कोणत्या बेटावर धरला, याची नोंदही त्याने नीट ठेवली नाही. पुढे लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते पक्षी तपासून त्यांत निरनिराळ्या जाती असल्याचे दाखविले, तेव्हा डार्विनला आपली चूक उमगली. सहप्रवाशांच्या संग्रहांची मदत घेऊन त्याने ती शक्य तेवढी सुधारली. नोंद नसेल तर पुरावा अर्धा होतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही.

एकमेकांशेजारच्या बेटांवर एकमेकांसारखे, तरी थोडे निराळे प्राणी का असावेत? प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण झाली असेल, तर या सर्वांचे शेजारच्या खंडावरील प्राण्यांशी नाते का दिसावे? इ.स. १८३७ मध्ये डार्विनने या प्रश्नांसाठी एक स्वतंत्र वही घातली. दुसऱ्या वर्षी त्यास उत्तराचा धागा सापडला. प्रत्येक प्राण्याला जगू शकतील त्याहून अधिक पिले होतात. एकाच आईची पिलेही हुबेहूब सारखी नसतात. ज्याचा लहानसा वेगळेपणा त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, ते पिलू टिकण्याचा संभव अधिक. आणि तो गुण त्याच्या संततीत उतरतो. अशा रीतीने हजारो पिढ्यांत जातच बदलून जाते. कबुतरे पाळणारे लोक निवड करून नवनवीन प्रकार तयार करतात, तेच काम निसर्गात कोणी निवडणारा नसताही घडते. यास डार्विनने नैसर्गिक निवड असे नाव दिले.

आता पेलीच्या घड्याळाची आठवण करा. घड्याळाला पिले होत नाहीत, सजीवांना होतात. हाच तो भेद होता. सजीवांची रचना कौशल्यपूर्ण आहे, हे डार्विन नाकारीत नव्हता. परंतु त्या कौशल्यावरून कारागिराचे अस्तित्व सिद्ध होतेच असे नाही; कारण त्याचे दुसरे स्पष्टीकरण आता मिळाले होते. डोळ्यासारखा अवयव अशा रीतीने उत्पन्न व्हावा, ही कल्पना प्रथम अशक्य वाटते, हे त्याने स्वतःच मान्य केले. मग केवळ उजेड आणि अंधार ओळखणाऱ्या साध्या प्राण्यांपासून उत्तम दृष्टीच्या प्राण्यांपर्यंतच्या पायऱ्या त्याने दाखविल्या. आपल्या मताविरुद्धचे आक्षेप तो कधी लपवीत नसे. प्रतिकूल गोष्ट मनातून लवकर निसटते, हे ओळखून ती तो तात्काळ टिपून ठेवी.

इ.स. १८३९ मध्ये डार्विनचा विवाह त्याची मामेबहीण एमा हिच्याशी झाला. एमा श्रद्धाळू होती. आपल्या शंका पत्नीपासून लपवून ठेवाव्यात, असा सल्ला वडिलांनी दिला होता; पण डार्विनने त्या तिला मोकळेपणाने सांगितल्या. एमाने त्यास एक पत्र लिहिले. प्रामाणिकपणे शंका घेणे हे पाप नव्हे, हे ती जाणत होती. परंतु सिद्ध झाल्यावाचून काहीही न मानण्याची शास्त्रज्ञांची सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध होऊ शकत नाहीत त्यांच्याही आड येत नसेल ना, अशी तिला भीती वाटत होती. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल, या विचाराने ती व्याकूळ होई. डार्विनला तिचे म्हणणे पटले नाही, तरी ते पत्र त्याने अखेरपर्यंत जपून ठेवले. या मतभेदाने त्यांच्या प्रेमात अंतर पडले नाही.

इ.स. १८४२ पासून हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहू लागले. त्यांना दहा मुले झाली. त्यांपैकी तीन बालपणीच दगावली. थोरली मुलगी ॲनी वडिलांची फार लाडकी होती. इ.स. १८५१ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ती दीर्घ आजाराने मरण पावली. डार्विन अखेरपर्यंत तिच्या उशाशी होता. त्याच्या शंका या दुःखातून जन्मल्या नव्हत्या. त्या आधीपासूनच होत्या. पण दयाळू आणि सर्वशक्तिमान निर्मात्याच्या जगात निरपराध जीवांना एवढे दुःख का, हा प्रश्न त्याला आता अधिकच बोचू लागला असल्यास नवल नाही. निसर्गातही त्यास तेच दिसे. काही गांधीलमाश्या जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्या सुरवंटास आतून खातात. हे कोणी मुद्दाम योजिले असेल, असे मानणे त्यास जड जाई.

आपला सिद्धांत त्याने वीस वर्षे प्रसिद्ध केला नाही. तो पुरावे जमवीत राहिला. त्यांपैकी आठ वर्षे त्याने शिंपल्यासारखे कवच असलेल्या बार्नेकल नावाच्या समुद्रजीवांच्या अभ्यासात घालविली. इ.स. १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने पूर्वेकडील बेटांतून त्यास एक लेख पाठविला. त्यात अगदी हाच विचार होता! वॉलेसवर अन्याय होऊ नये, म्हणून दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनीयन सोसायटीपुढे एकत्र वाचण्यात आले. डार्विन तेथे उपस्थित नव्हता. अवघ्या काही दिवसांपूर्वी त्याचे तान्हे मूल वारले होते. पुढे २४ नोव्हेंबर १८५९ रोजी जातींच्या उत्पत्तीवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छापलेल्या १२५० प्रतींना पुस्तकविक्रेत्यांकडून लागलीच मागणी आली.

ग्रंथाने मोठी खळबळ उडाली. काही धर्मगुरूंनी डार्विनवर कठोर टीका केली. काहींनी त्याचे मत स्वीकारलेही. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा निष्ठावंत ख्रिस्ती होता आणि डार्विनचा खंदा पुरस्कर्ताही होता. ईश्वराने उत्क्रांतीच्याच मार्गाने सृष्टी घडविली असेल, असे त्याचे मत होते. डार्विन त्याच्याशी वर्षानुवर्षे पत्रांतून चर्चा करीत राहिला. जीवसृष्टीच्या प्रत्येक तपशिलामागे योजना आहे, असे मानण्यास त्यास पुरावा दिसेना. परंतु हे अवघे विश्व आणि त्याचे नियम निव्वळ योगायोगाने झाले, हेही त्याच्या मनाला समाधान देईना. मनुष्याच्या बुद्धीस हा प्रश्न कदाचित पेलणार नाही, असे त्यास वाटे. म्हणून उत्तरायुष्यात त्याने स्वतःस अज्ञेयवादी म्हणविले. ईश्वर आहे किंवा नाही, हे आपणास कळलेले नाही, असे म्हणणारा तो अज्ञेयवादी.

कळले नाही तेथे कळले नाही असे म्हणणे सोपे नसते. डार्विनने ते केले, पण कोणाच्या श्रद्धेची टवाळी केली नाही. रविवारी तो कुटुंबास चर्चपर्यंत पोहोचवी आणि आपण फिरावयास जाई. गावच्या धर्मोपदेशकाशी त्याची मैत्री होती. गोरगरिबांच्या साहाय्यनिधीचे हिशेब तो दक्षतेने ठेवी. म्हातारपणी त्याने साध्या गांडुळांचा अभ्यास केला. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी घरात पियानो आणि बासून ही वाद्ये वाजविण्यात आली. गांडुळे आवाजाकडे मुळीच लक्ष देत ना. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवताच कंप जाणवून ती बिळात शिरत. मोठ्या प्रश्नांवर विचार करणारा हा मनुष्य लहान प्रश्नांची उत्तरेही अशीच प्रयोगाने शोधी.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे या थोर चर्चमध्ये, न्यूटनच्या समाधीपासून जवळच, त्यास सन्मानाने पुरण्यात आले. पुढे इ.स. १९१५ मध्ये अशी कथा पसरली की, अखेरच्या दिवसांत त्याने आपले मत मागे घेतले होते. त्याच्या मुलीने ती कथा खोटी असल्याचे जाहीरपणे सांगितले. कारण अंतकाळी ती स्वतः त्याच्याजवळ होती. कथा ऐकावयास कितीही गोड असली, तरी तिला पुरावा नव्हता.

डार्विनच्या सिद्धांताला आनुवंशशास्त्राने आणि पुढे सापडलेल्या असंख्य अवशेषांनी बळकटी आणली आहे. ईश्वराविषयीच्या प्रश्नावर मात्र विचारी माणसांत आजही मतभेद आहेत. कोणी श्रद्धेने मानतात, कोणी पुराव्याअभावी मानीत नाहीत. तुम्हीही मोठे झाल्यावर या प्रश्नाचा विचार कराल. त्या वेळी आपल्या मताच्या बाजूचा पुरावा जितक्या आनंदाने टिपाल, तितक्याच तत्परतेने विरुद्ध बाजूचाही टिपून ठेवा. डार्विनची वही आपल्याला हेच शिकविते.