पंडिता रमाबाई आणि निराधार स्त्रीचें घर

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकलें असेल. ज्या स्त्रीस स्वतःच्या घरांतच मार, उपासमार व अपमान सोसावा लागतो, तिनें उंबरठा ओलांडून जावें कोठें, हा प्रश्न त्यांनीं कसा सोडविला तेंच आम्ही येथें सांगणार आहों.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करीत फिरत असल्यामुळें बालपणीं त्यांस स्थिर असें घर लाभलेंच नाहीं. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांचा गौरव केला; १८८० सालीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं पदरांत लहानगी मनोरमा असतां वैधव्य आलें. पुढें त्या विलायतेस गेल्या व तेथें १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८७ सालीं मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंस नवऱ्याकडे नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें, असा निकाल दिला. रखमाबाईंस निदान माहेरचा आधार होता; जिला तोही नाहीं तिची काय गत? त्याच वर्षीं रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहून अमेरिकेंत साहाय्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें विधवांस राहणें, जेवण व शिक्षण मिळे. आपले जातिनियम पाळण्याचीही मोकळीक असे. पुढें अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तेथल्याच. नुसतें छप्पर दिलें आणि हातांस विद्या दिली नाहीं, तर पोटासाठीं बाईस त्याच दारीं परत जावें लागतें, हें रमाबाईंनीं पुरतें ओळखलें होतें.

१८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेवरून मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून निघाले; पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. पालकांची भीति आम्हांस अगदींच निराधार वाटत नाहीं. परंतु त्यांतील किती जणींच्या वांट्यास पुन्हां तोच जाच आला असेल, हा विचार मनांतून जात नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराश्रित स्त्रिया व मुली आणिल्या. केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. शेती, विणकाम, छापखाना हीं कामें स्त्रियाच शिकल्या. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या, ज्यांस इतर कोणी दारांत उभें करीत नसे, अशांसाठीं तेथेंच कृपासदन निघालें. हें काम आम्हांस सर्वांत धाडसाचें वाटतें.

१९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई. छळ होत असलेल्या स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क आणि आश्रयगृहाचा आधार आपल्या देशांत २००५ च्या कायद्यानें दिला. केडगांवची संस्था निराधार स्त्रिया व मुलांस आजही आसरा देत आहे.