सी.के. नायडू

कोट्टारी कनकय्या नायडू (जन्म : ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर, मृत्यू : १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होते. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, उपयुक्त गोलंदाज आणि शिस्तीचे भोक्ते कर्णधार अशी त्यांची ओळख आहे. १९१६ ते १९६३ या प्रदीर्घ काळात ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. नागपुरात जन्मलेल्या नायडूंची कारकीर्द मुख्यत्वे इंदूर संस्थानात बहरली. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. मुंबई, मद्रास, कलकत्ता यांसारख्या मोठ्या शहरांबाहेरचा संघ कशाच्या आधारावर उभा राहतो आणि तो आधार निघाल्यावर त्याचे काय होते, हे समजून घेण्यासाठीही त्यांचे चरित्र महत्त्वाचे ठरते.

बालपण आणि नागपूरमधील जडणघडण

नायडू यांचे कुटुंब मूळचे तेलुगू भाषक असून नागपुरात स्थायिक झालेले होते. त्यांचे शिक्षण नागपुरातच झाले आणि शालेय वयातच ते क्रिकेटमध्ये चमकू लागले. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या इंग्रजी अमलाखालील प्रांताची राजधानी होती. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे याच प्रांतात मोडत असे. प्रांत विस्ताराने मोठा होता. परंतु खेळाडूला उपजीविकेची हमी देऊ शकेल असे क्रिकेटचे केंद्र तेथे नव्हते.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी भारतीय क्रिकेटचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे मुंबईतील जमातवार संघांची स्पर्धा होती. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे संघ तीत उतरत. नागपूरच्या खेळाडूला देशासमोर यायचे तर मुंबई गाठणे भाग होते. नायडू यांनी १९१६ मध्ये हिंदू संघातर्फे युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणीत पदार्पण केले. त्यांची पहिली धाव षटकाराने आली, ही आठवण क्रिकेटच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते.

इंदूरला स्थलांतर

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडू यांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले व लष्करात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल नायडू या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरता येत नसे. संस्थानी नोकरी मिळाली की खेळाडूला नियमित पगार, राहण्याची सोय आणि सरावासाठी मोकळीक लाभत असे. नोकरी कागदोपत्री लष्कराची असली तरी तिचे खरे प्रयोजन मैदानावर होते.

नागपूरने घडवलेला खेळाडू अशा रीतीने इंदूरचा झाला. हा एकट्या नायडूंचा मार्ग नव्हता. त्यांचे धाकटे बंधू सी.एस. नायडू हेही पुढे होळकर संघातून खेळले. नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड यांनीही होळकर संघातच नाव कमावले आणि १९५२ मध्ये ते पाकिस्तानविरुद्ध कसोटी सामना खेळले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांना बडोदा संस्थानाने आश्रय दिला. लहान केंद्रांत गुणवत्ता निपजत होती. ती टिकवून ठेवण्याचे साधन मात्र तेथे नव्हते.

राष्ट्रीय कीर्ती

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडू यांनी हिंदू संघातर्फे आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम.सी.सी. संघाविरुद्ध ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. त्या खेळीत ११ षटकार आणि १३ चौकार होते. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू इंग्लिश संघाशी बरोबरीने झुंजू शकतात, ही भावना या खेळीने दृढ झाली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि चार वर्षांनी भारताला पहिला कसोटी सामना खेळण्याची संधी मिळाली.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी उपकर्णधार नेमले गेले होते. संघाचे नेतृत्व राजघराण्याकडेच असावे, असा तेव्हाचा संकेत होता. मात्र महाराजांनी स्वतःहून माघार घेतली आणि उपकर्णधारही दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌स मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात नेतृत्वाची धुरा नायडू यांच्याकडे आली. भारताचा १५८ धावांनी पराभव झाला. परंतु पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा नायडू यांच्याच होत्या. त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. १९३३ च्या विस्डेन वार्षिकाने वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंड संघाविरुद्ध मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे झालेल्या तीन कसोटी सामन्यांतही नायडू कर्णधार होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. या दौऱ्यातील ओव्हल येथील सामना नायडू यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यात त्यांनी केलेल्या ८१ धावा ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी होय.

होळकर संघाचे वैभव

रणजी करंडकाच्या आरंभीच्या हंगामांत नायडू मध्य भारताच्या संघातून खेळले. १९४१-४२ पासून होळकर हा स्वतंत्र संघ स्पर्धेत उतरला. तोपर्यंत तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव होळकर (दुसरे) गादीवर होते. लोकसंख्या, पैसा आणि मैदाने यांत इंदूर मुंबईच्या जवळपासही नव्हते. ही उणीव राजाश्रयाने भरून काढली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड आणि नायडू बंधू असा बलाढ्य संघ इंदुरात जमला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सेवेत महू येथे असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन हेही या संघातून खेळले.

१९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघाला ३७४ धावांनी हरवले. त्या सामन्यात कॉम्प्टन यांनी नाबाद २४९ धावा केल्या, तर सी.एस. नायडू यांनी दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. पुढच्याच हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांचा डोंगर उभारला; त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके झळकावली. अंतिम सामन्यात बडोद्याला नमवून संघाने प्रथमच करंडक जिंकला. वयाची पन्नाशी उलटलेल्या नायडू यांनी त्या सामन्यात द्विशतक ठोकले.

त्यानंतर १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या हंगामांतही होळकर संघ विजेता ठरला. १९४७-४८ च्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईला इंदुरात ९ गडी राखून हरवले. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत नायडू यांच्या नेतृत्वाखाली संघाने आठ वेळा अंतिम फेरी गाठली.

कर्णधार म्हणून नायडू अत्यंत कडक होते. तंदुरुस्ती, वेळेचे पालन आणि वेदना सोसण्याची तयारी यांत ते कोणालाही सवलत देत नसत, स्वतःलाही नाही. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. त्या वेळी ५६ वर्षांचे असलेले नायडू मैदान न सोडता फलंदाजी करत राहिले.

होळकर संघाचा अस्त

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघराज्यात विलीन झाले. संस्थानाचे लष्कर आणि दरबार यांच्याबरोबर खेळाडूंना सामावून घेणारी व्यवस्थाही क्रमाने लयास गेली. संघ मात्र आणखी काही वर्षे तग धरून राहिला. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात इंदुरातच मद्रासकडून ४६ धावांनी झालेल्या पराभवानंतर होळकर हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. त्याची जागा आधी मध्य भारत आणि राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश या संघाने घेतली. १४ हंगामांत चार विजेतेपदे आणि सहा उपविजेतेपदे मिळवणारा संघ ऐन भरात असतानाच इतिहासजमा झाला.

या संघाने कधीही गाव सोडले नव्हते. तो शेवटपर्यंत इंदूरचाच राहिला. तरीही तो टिकला नाही, कारण त्याचा आधार एकाच घराण्याच्या इच्छेवर आणि तिजोरीवर होता. १९३६-३७ मध्ये रणजी करंडक जिंकणाऱ्या नवानगरच्या संघाचेही असेच झाले. बडोद्याची गोष्ट वेगळी आहे. गायकवाडांच्या आश्रयाने वाढलेला हा संघ संस्थान विलीन झाल्यावरही क्रिकेट संघटनेच्या आधाराने खेळत राहिला, १९५७-५८ मध्ये आणि पुढे २०००-०१ मध्ये विजेता ठरला आणि आजही स्पर्धेत आहे. राजाश्रय संघटनेच्या हाती वेळेवर सोपवला गेला की नाही, यावर या संघांचे भवितव्य बव्हंशी ठरले.

उत्तरायुष्य

होळकर संघाच्या अखेरच्या काळात नायडू स्वतः अन्य प्रांतांच्या मदतीला गेले. १९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ प्रथमच रणजी करंडकात उतरला, तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांनी केले. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशचे कर्णधार होते. नव्या किंवा दुबळ्या संघाला अनुभवी कर्णधाराची गरज होती आणि नायडू यांना खेळ सोडवत नव्हता. राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना १९६३ मध्ये नागपुरात झाला. महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या नावाने उभारलेल्या संघांमधील या मदतनिधी सामन्यात ते ६८ व्या वर्षी खेळले. ज्या शहरातून ते चाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, तेथेच त्यांच्या कारकिर्दीची सांगता झाली. चार वर्षांनी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

नायडू यांनी २०७ प्रथम श्रेणी सामन्यांत २६ शतकांसह ११,८२५ धावा केल्या आणि ४११ बळी घेतले. ७ कसोटी सामन्यांत त्यांच्या ३५० धावा व ९ बळी आहेत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. १९९४ मध्ये तो प्रथम लाला अमरनाथ यांना मिळाला. तरुण खेळाडूंसाठीची एक राष्ट्रीय स्पर्धाही त्यांच्या नावाने भरते. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू या भारतातील आद्य महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक होत्या. इंदूर येथील आंतरराष्ट्रीय मैदानाला २०१० मध्ये होळकर स्टेडियम असे नाव देण्यात आले.

नायडू यांची जन्मभूमी असलेल्या विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळू लागला. साठ वर्षे त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. तथापि तो कोणा एका आश्रयदात्याचा नव्हता. विदर्भ क्रिकेट असोसिएशन ही संस्था त्याच्या मागे होती. त्यामुळे पराभवांच्या मालिकेतही संघ मोडला नाही. पुढे संस्थेने जामठा येथे नवे मैदान उभारले आणि तरुण खेळाडूंसाठी प्रबोधिनी चालवली. नागपूरपासून लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या गोंदियासह विदर्भातील सर्व जिल्हे या संस्थेच्या कक्षेत येतात. नायडूंच्या काळी या भागातील होतकरू खेळाडूला इंदूर किंवा मुंबईची वाट धरावी लागे. २०११ मध्ये उमेश यादव हे विदर्भाच्या संघातून कसोटी क्रिकेटपर्यंत पोहोचलेले पहिले खेळाडू ठरले.

विदर्भाने २०१७-१८ मध्ये रणजी करंडक प्रथमच जिंकला. दिल्लीविरुद्धचा तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवरच झाला. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही विदर्भ विजेता ठरला. वसीम जाफर यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंचा पहिल्या यशात वाटा होता. परंतु त्यांच्याभोवतीचा संघ प्रामुख्याने स्थानिक होता. होळकर संघाचा वारसदार असलेल्या मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये मुंबईला सहा गडी राखून हरवले. होळकर संघाच्या अखेरच्या विजेतेपदानंतर तब्बल ६९ वर्षांनी करंडक त्या प्रदेशात परतला. विदर्भाचे २०१७-१८ चे आणि मध्य प्रदेशाचे हे विजेतेपद, दोन्ही प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाले. नायडू यांच्या जन्मभूमीला आणि कर्मभूमीला मिळालेली ही विजेतेपदे राजाश्रयाविना, प्रादेशिक संघटनांच्या बळावर साध्य झाली.