बटाट्यात सायटोक्रोम शोधणाऱ्या कमला सोहोनी

रायपूर : यकृतात कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर घडवून आणणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, मोजण्याचे संच आज संशोधन प्रयोगशाळांना तयार मिळतात. संचातील प्रतिपिंडे नमुन्यातून नेमके तेच प्रथिन धरून ठेवतात आणि उमटणाऱ्या रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण कळते. हे विकर सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांच्या विस्तृत गटात मोडते. याच गटातील ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या पेशींतही असते, हे दाखवून देणाऱ्या कमला सोहोनी यांच्या हाती असा कोणताही संच नव्हता.

इंदूर येथे १९११ साली भागवत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळताच कमलाबाईंनी त्याच संस्थेची वाट धरली. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, कामाचा दर्जा संचालकांना पटल्यावरच मान्यता आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ न देण्याची हमी. हा अपमान गिळून त्यांनी एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर संशोधन केले. नोबेल विजेत्याचे मत बदलण्यास एका विद्यार्थिनीचे एक वर्ष पुरले. त्यानंतर संस्थेचे दार इतर स्त्रियांसाठीही उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी आढळले. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते, त्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवण्याचे काम हे प्रथिन करते. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर, १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. पचनाचे ट्रिप्सिन हे विकर अडवणारे घटक त्यांनी विद्यार्थ्यांसह वालातून वेगळे केले. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला आणि आदिवासी मुले व गर्भवतींच्या पोषणासाठी तिचा उपयोग दाखवला. ताड-शिंदीच्या पट्ट्यात, आणि त्यात आजचा छत्तीसगढही आला, या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले.

ग्राहकांच्या हक्कांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्याही त्या सक्रिय सदस्य होत्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.