परिभाषेपासून गणित शिकविणारे भास्कराचार्य

बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनीच नोंदविले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाही. कोणी विजापूरकडे बोट दाखवितात, तर कोणी चाळीसगावजवळील पाटणकडे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ सिद्ध केला. 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग. मंगलाचरण होताच भास्कराचार्य शिष्याच्या हाती प्रथम देतात ती परिभाषा. २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी. ४ काकिणींचा पण. १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क. शब्द पक्के झाल्याखेरीज उदाहरणाला हात घालायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

उदाहरणे मात्र थेट बाजारपेठेतली आहेत. व्याजाला ते कलांतर म्हणतात. शंभराला महिन्याला ५ या दराने १६ चे वर्षाचे कलांतर किती, असा एक प्रश्न आहे. उत्तर येते ९ पूर्णांक ३ पंचमांश. वर्षाला शेकडा ६० हा दर आजच्या कर्जदारालाही घाम फोडील!

'बीजगणित' या दुसऱ्या भागात अज्ञात राशीला अव्यक्त म्हटले आहे. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत्, म्हणजे 'जितके तितके'. पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी अशी आद्याक्षरे पुरत. आजचा विद्यार्थी क्ष आणि य लिहितो, तेव्हा युक्ती तीच असते. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. शून्याने भागलेल्या राशीस त्यांनी खहर हे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित हा भागाकार मान्य करीत नाही. परंतु प्रश्न टाळण्याऐवजी त्याला नाव देण्याचे धैर्य मोठेच म्हटले पाहिजे.

कोनाच्या विचारात तर प्रतिमा धनुष्याची. वर्तुळाचा कंस ते चाप आणि दोरी ती ज्या. हा शब्द आर्यभटाच्याही वापरात होता. तो अरबांकडे जिबा होऊन गेला, तिथे जैब असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर सायनस झाले. शाळेतला साइन तो हाच. भास्कराचार्यांनी १८ व ३६ अंशांच्या ज्या काढण्याच्या रीती दिल्या, तसेच दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियमही सांगितला.

लीलावती ही त्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती येते फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरात. मूळ ग्रंथात लीलावतीला उद्देशून प्रश्न आहेत, पण मुहूर्ताचा मागमूस नाही.

इ. स. ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'करणकुतूहल' रचले. पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात मठासाठी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे, आणि तिचा काही भाग जुन्या मराठीत आहे.